गाइडवाली फेरी

सिंहाला सिंह म्हणून सांगायचे माणशी पाच रुपये जादा, ही पाटी वाचली आणि माझं डोकं फिरलं. त्यात सिंह सिमेंटचा. सोनगीरच्या अलीकडे हायवेला लागून कुणा पैसेवाल्याने माळ विकत घेतला, त्यावर घसरगुंड्या आणि पाळणे उभे केले, मागच्या टेकाडावर बाभळींमध्ये हत्ती, गेंडा, गवा, सिंह असे रंगवून ठेवले आणि त्याला नाव दिलं ‘जंगल सफारी’. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर गवताचं छप्पर घालून लोकांना त्यातून फिरवायचे. साधी फेरी प्रवेशाच्या तिकिटातच होती. गाइड हवा असेल तर पाच रुपये वेगळे.

माय माझ्या आधी खिडकीपाशी पोचली होती. तिने पदराची गाठ सोडली आणि म्हणाली, “गाइडवाली. दोन.”

आम्ही जनावरं बघायला आलोच नव्हतो. तो गाइड माझा भाऊ होता.

भटू घर सोडून गेला ते साल सत्त्याऐंशी. आमचं गाव शिंदखेड्यापासून दोन कोसांवर. भटू सतरा वर्षांचा, अंगाने ताडमाड आणि कामाला चुकार. एका दुपारी आबांनी त्याला विहिरीजवळ बैल सांभाळायला बसवलं आणि हा बैल मोकळा सोडून गावात व्हिडिओवर सिनेमा बघायला गेला. विहिरीला कठडा नव्हता. शिंग्या आत पडला आणि मेला. मायने त्या बैलाला वासरू असल्यापासून हाताने चारलं होतं. पोटच्या पोरापेक्षा तिचा त्याच्यावर जास्त जीव आहे, असं आम्ही तिला चिडवायचो. त्यानंतर कुणी चिडवलं नाही.

आठवड्याने कानबाई आली. आमच्याकडे श्रावणात ही देवी बसवतात आणि तिचे रोट असतात. आदल्या दिवशी घरातल्या प्रत्येक पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे, ते दळायचे आणि त्या पिठाचे जाड पोळ्यांसारखे रोट करायचे. पोरगं दूरदेशी असलं तरी त्याच्या नावाची मूठ पडतेच. फक्त मेलेल्याचं नाव गळतं. हे रोट बाहेरच्याला देत नाहीत, भाऊबंदांनीच खायचे. लग्न होऊन गेलेली लेकसुद्धा बाहेरची. पौर्णिमेपर्यंत ते संपवायचे, असा नेम.

मायने आबांच्या नावाची मूठ टाकली, काकांची टाकली, काकांच्या पोरांची टाकली आणि सूप उचललं. भटू समोर उंबऱ्यावर बसला होता.

आबा म्हणाले, “धुरपदा, एक राह्यनं.”

“नही राह्यनं कोनी,” माय म्हणाली.

बस, एवढंच. मी तिथेच होते, बावीस वर्षांची, लग्न ठरलेली, आणि मला मायचा हात धरता आला असता. धरला नाही, कारण मलाही तेव्हा भटूचा राग होता. सकाळी तो घरात नव्हता. मायला वाटलं, पोटाला चिमटा बसला की येईल. तो आठ वर्षं आला नाही.

पुढच्या सालापासून मायने पहिली मूठ त्याच्या नावाची टाकायला सुरुवात केली. ब्याण्णवला आबा गेले. काकांनी चूल वेगळी केली. मायच्या घरात पुरुष एकच उरला होता आणि तोच घरात नव्हता. ती एकटी बाई एकाच नावाचे गहू घेऊन बसायची, दळायची, रोट करायची आणि पौर्णिमेपर्यंत एकटीच खायची. लोक म्हणायचे, धुरपदाबाईला वेड लागलं. मीही म्हणायचे, खोटं का बोलू?

मग पंच्याण्णवच्या श्रावणात चुडामण आला. तो आमच्या गल्लीतला, हायवेवर काळीपिवळी चालवायचा. मायला म्हणाला, “काकू, मी सोता देख्या त्याले. भटूच शे. डोकावर टोपी, हातमा भोंगा.” आमच्या घरापासून तासाभराच्या वाटेवर! आठ वर्षं आम्ही सुरतपासून नाशिकपर्यंत माणसं पाठवली होती आणि हा काखेत कळसा होता. मला आनंद व्हायच्या आधी संतापच आला.

कानबाईचं विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी माय धुळ्याला माझ्या घरी आली. फडक्यात चार रोट बांधलेले. “त्याले खावाडसू आनि घर लई येसू,” म्हणाली. तिचा हिशोब सोपा होता. त्याने रोट खाल्ला की तो घरचा झाला. मग ती जे बोलली होती ते पुसलं गेलं.

ट्रॉलीत आम्ही मागच्या बाकावर बसलो. पुढे नरडाण्याकडचं एक कुटुंब होतं, पोराबाळांसकट. गाइड आला. खाकी शर्ट, वाळ्याची टोपी, खिशावर पितळी पट्टी, तिच्यावर नाव ‘रवी’. चेहरा भरला होता, मिशी आली होती, पण उभं राहताना एक खांदा खाली टाकायची आबांची सवय तशीच होती. त्याने सगळ्यांवरून नजर फिरवली. आमच्यावर आली तेव्हा ती थांबली, आणि मग पुढे गेली.

“नमस्कार मंडळी,” तो भोंग्यातून म्हणाला, “हात-पाय बाहेर काढू नका. हे जंगल आहे.”

आणि सुरू झाला. हत्तीची सोंड किती पाणी ओढते, गेंड्याचं कातडं किती जाड. इतकं स्वच्छ पुस्तकी मराठी, की हा आमच्या गल्लीत वाढला यावर कुणाचा विश्वास बसला नसता. पोरं हसत होती. माय मात्र एकाही जनावराकडे बघत नव्हती.

गव्यापाशी ट्रॉली थांबली. काळाभोर, डोळ्यांत पांढरा रंग भरलेला.

“हा गवा. रागावला तर माणसाला शिंगावर घेतो...”

“शिंग्यासारखा शे,” माय मोठ्यांदा म्हणाली. पुढचे लोक वळून बघायला लागले. “बैल व्हता रे तो भाऊ. बैलच व्हता. त्याकरता मी तुले...”

भोंग्याचा आवाज एकदम वाढला. “आता पुढे चला मंडळी, पुढे जंगलाचा राजा!” सिंहाच्या पोटात टेप लावलेली होती, ती गुरगुरली.

फेरी संपली. तो “सावकाश उतरा, सावकाश उतरा” म्हणत सगळ्यांना उतरवून घेत होता. माय जवळ गेली, तर तो ट्रॅक्टरवाल्याशी बोलायला निघून गेला. ती त्याच्या मागे गेली, तर तो ऑफिसच्या खोलीत शिरला. बाहेर बसलेला माणूस म्हणाला, आत यायचं नाही.

माय परत खिडकीपाशी गेली. “गाइडवाली. दोन.”

“माय, पुरे झालं आता.”

“गाइडवाली घेतली का त्याले बोलनं पडस,” ती म्हणाली. स्वतःच्या पोराचा आवाज ऐकायला ती तिकीट काढत होती.

दुसऱ्या फेरीत त्याने सगळं तेच सांगितलं, अक्षराचा फरक नाही. मायने गव्यापाशी काही म्हटलं नाही. नुसती ऐकत बसली, हरिपाठ ऐकावा तशी मान हलवत. तिसऱ्या फेरीला ऊन कलतीला लागलं होतं आणि ट्रॉलीत आम्ही दोघीच होतो. तेव्हाही त्याने भोंगा तोंडापासून खाली घेतला नाही. दोन बायकांना भोंग्यातून हत्ती समजावून सांगत राहिला. पण गव्याजवळ ट्रॉली थांबू दिली नाही. ट्रॅक्टरवाल्याला हाताने चल म्हणून खूण केली आणि दुसरीकडे तोंड करून उभा राहिला.

उतरताना मायचा पाय अडखळला. तो पटकन पुढे झाला आणि तिचा दंड धरून म्हणाला, “पायरी शे, सांभाळीसन उतर.”

आठ वर्षांनी तो आमच्या बोलीत बोलला होता. मायचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. तिने तिथेच, पायरीवरच, फडक्याची गाठ सोडली. “तुनी मूठ शे यामा. दरसाल टाकस मी. एक तुकडा खाय आनि चाल घर.”

भटूने रोटाकडे बघितलं. हात पुढे आला, मी शपथेवर सांगते, वीतभर तरी पुढे आला. मग त्याने तो मागे घेतला.

“बाई,” तो म्हणाला, पुन्हा तेच स्वच्छ मराठी, “रोट बाहेरच्या माणसाला देत नाहीत.”

आणि भोंगा काखेत मारून निघून गेला. मी त्याच्या पाठीवर ओरडले, “आबा गेले रे!” तो थांबला. वळला नाही. मग पुन्हा चालायला लागला.

एसटीत मी रडले आणि त्याला शिव्याही दिल्या. माय रडली नाही. “नेम ईसरी गया नही तो,” एवढंच म्हणाली, आणि तेवढ्यावर तिने वर्ष काढलं.

पुढच्या कानबाईला मी मुद्दाम तिच्याकडे गेले. सूप पुढ्यात घेऊन तिने मला विचारलं, “त्याना खिसावर काय नाव व्हतं व?”

“रवी.”

तिने भटूच्या नावाची मूठ टाकली आणि मग रवीच्या नावाची टाकली. आता कोणत्याही नावाने नाही म्हणायला त्याला जागा नको होती.

विसर्जनानंतर आम्ही पुन्हा सोनगीरच्या रस्त्याला लागलो. फाटकाला कुलूप होतं. पाळणे काढून नेले होते, सिंहाचा एक पंजा तुटून आतल्या सळ्या दिसत होत्या. राखणदार म्हणाला, मालक तोट्यात गेला, फाल्गुनातच बंद झालं. गाइड? गेले कुठे कुठे. तो उंच मिशीवाला? त्याने काही सांगितलं नाही.

त्या वर्षी रोट दुपटीने झाले होते. पौर्णिमेच्या दिवशी तीन उरले. मायच्या दाढा पडल्या होत्या, ती दुधात भिजवून एकेक तुकडा चघळत होती, घास घशात अडकत होता, ठसका लागत होता. मला राहवेना. “आण इकडे,” म्हणाले, “मी खाते एक. कानबाईला कोपायचं तर माझ्यावर कोपू दे.”

मी हात घातला तशी तिने थाळी मागे ओढली.

“तुले नही चालत. तू परघरनी शे.”

“आणि तो घरचा? ज्याने तोंड फिरवलं तो?”

“त्यानं नाव शे यामा,” माय म्हणाली.

आबांच्या दुखण्यात तीन महिने उशाशी बसलेली मी होते. दर आठवड्याला धुळ्याहून तिचं औषध घेऊन येणारीही मीच. हे सगळं तोंडापर्यंत आलं होतं, पण तिच्याकडे बघून गिळलं. भांडं भरून पाणी आणून तिच्याजवळ ठेवलं आणि समोर बसले. तिने तिन्ही रोट संपवले, एकेक तुकडा करून, दिवेलागणीपर्यंत. माझ्या नावाची मूठ त्या घरात कधी पडलीच नव्हती.