गालातली गोळी

सगुणाबाईंची नजर गळ्यावर असायची. गोळी जिभेवर ठेवली की सुनेचा गळा खाली-वर होतो का एवढंच त्या बघायच्या, आणि गळा हलला की मगच समोरून बाजूला व्हायच्या. म्हणून मंजुषानं आधी गळा हलवायची कला शिकून घेतली. गोळी वरच्या दाढा आणि गालाच्या मधल्या फटीत सरकवायची, दूध एका दमात न पिता घोट घोट घ्यायचं, मान किंचित मागं टाकायची. मग रिकामा पेला उचलून मागच्या मोरीकडं चालत जायचं. पळायचं नाही. पळणारी सून सासूला लगेच कळते.

घाई तर असायचीच. गोळीचं कवच मऊ होतं. कोमट दुधात ते लवकर विरघळायला लागायचं, आणि फुटलं तर आतलं तेल घशाखाली गेलंच म्हणून समजा.

झरी गावात सगुणाबाईंना आता कुणी 'तात्याराव गुरुजींची बायको' म्हणत नव्हतं. गुरुजी रिटायर झाले आणि त्याच साली बाई कामाला लागल्या. परभणीच्या ईश्वरी मॅडमनी त्यांना घरोघर माल विकणाऱ्या एका कंपनीत घेतलं होतं. गुडघ्याला पावडर, साखरेच्या आजाराला चहा, आणि सुकलेल्या कातडीला ही पिवळी गोळी. थंडीत आपल्याकडं टाचा उलतात, पिंढऱ्यांवर नखानं ओढलं तर पाटीवर उठावी तशी पांढरी रेघ उठते. त्यामुळं गिऱ्हाइकाला तोटा नव्हता. तोटा होता तो पुराव्याला. सगुणाबाई स्वतः गोळ्या खायच्या, पण त्यांचे ओठ दिवसेंदिवस सोलायला लागले होते. कुणाच्या घरी विकायला जायच्या आधी त्या ओठांना तूप चोपडून जायच्या आणि वाटेत जीभ लावायच्या नाहीत.

मे महिन्यात लग्न होऊन चुडाव्याची मंजुषा घरात आली. थंडी पडली तशी तिची कातडी पांढरी पडली. सासूला एवढा आनंद झाला की विचारू नका. दुसरी सासू म्हणाली असती, पोरीला तेल लावा. ह्यांनी फोन काढून सुनेच्या हातापायाचे फोटो घेतले. हे 'आधी'चे. आता 'नंतर'चे काढायचे तेवढे बाकी होते. घरातल्या घरात चालती-बोलती जाहिरात मिळाली होती, आणि तिला जेवणाशिवाय काही द्यावं लागत नव्हतं.

आठवडाभर मंजुषानं गोळ्या गुमान गिळल्या. मग पाळी चुकली.

ती माहेरी गेली तेव्हा आई, बायनाबाई, तिला पूर्णेच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. "दुसरं कोणतं औषध चालू हाय का?" असं बाईंनी विचारलं, तर आईच मधी बोलली, "न्हाई, औषध कशाचं! लेकरू ठणठणीत हाय." आपल्याकडं डॉक्टरनं दिलेलं तेवढंच औषध, ओळखीच्या बाईनं घरी आणून दिलेलं ते नुसतं खाणं. मंजुषाला मात्र राहवलं नाही. तिनं फोनमधला डबीचा फोटो दाखवला.

डॉक्टरीणबाईंनी फोटो मोठा करून वाचला आणि चष्मा काढला.

"ही आजपासून बंद. ह्यात अ जीवनसत्त्व आहे, आणि लय मोठ्या मात्रेत आहे. सध्या बाळाचा चेहरा, ओठ, हृदय सगळं घडायलंय. त्या काळात हे जास्त झालं की घडण बिघडू शकते. आणि गंमत बघ, कातडीसाठी म्हणून जास्त खाल्लं की कातडी उलट आणखी सुकते. ओठ सोलतात."

मंजुषाला सासूचं तूप आठवलं.

"मग कातडीला काय करू?"

"तीळ खा, जवस खा, शेंगदाणे खा, अंडं-मासळी चालत असेल तर खा. कढत पाण्यानं अंघोळ करू नको, आणि अंग ओलं असतानाच तेल लाव. झाल्या त्या गोळ्या झाल्या. काही होईलच असं नाही. पाचव्या महिन्यात मोठी सोनोग्राफी करू, तेव्हा कळेल. पण आता एकसुद्धा पोटात जायला नको. घरी सांग."

घरी सांग म्हणायला डॉक्टरीणबाईंचं काय जात होतं! दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरताच बायनाबाईंनी लेकीचा दंड धरला. थोरली लेक सृष्टी गरोदर होती तेव्हा दुसऱ्याच महिन्यात पेढे वाटले होते, आणि तिसऱ्यात सगळं गेलं होतं. मग जे पेढे खाऊन गेले होते तेच चौकशीला आले. बायनाबाईंच्या सासऱ्यांनी दीक्षा घेतली तेव्हाच घरातले सगळे देव बाहेर काढले होते. ही एक भीती तेवढी काढायची राहून गेली होती.

"तिसरा सरल्याबिगर जबान उघडायची न्हाई. माझी आण हाय तुला. सासूला न्हाई आन् नवऱ्याला तर मुळीच न्हाई."

नवऱ्याचं खरंच होतं. सिद्धोधन परभणीला कारकून होता, रोज गाडीवर जाऊन-येऊन करायचा. माणूस चांगला, पण त्याच्या कानात पडलेलं चहा निवायच्या आत त्याच्या आईपर्यंत पोचायचं.

मग गोळी चुकवायचे दुसरे इलाज करून झाले. एकदा ती म्हणाली, "आत्या, गोळीनं मळमळतंय." बोलली आणि तिची तिलाच धडकी भरली; सासूपुढं काढू नये तोच शब्द तिनं काढला होता. सगुणाबाईंनी तिच्याकडं निरखून बघितलं. मग म्हणाल्या, "मळमळायलंय म्हंजे लागू पडायलीय." विकणाऱ्याच्या डोळ्यांवर झापड असते ती अशी. मग उरला तो गाल.

महिना होत आला तरी 'नंतर'चा फोटो निघेना. सून गोळ्या मोरीत टाकत होती आणि कातडी होती तशीच होती. दुकानदार माल बदलत नाही, माप वाढवतो. सगुणाबाईंनी रात्रीच्या जेवणानंतरही एक गोळी सुरू केली. आता गाल दोनदा सांभाळायचा. एकदा गोळी मोरीपर्यंत पोचायच्या आत फुटली. मंजुषानं चुळा भरून भरून तोंड सोलून घेतलं आणि रात्रभर पोटावर हात ठेवून पडून राहिली.

अशात रविवारी अंगणात कंपनीची मीटिंग ठरली.

सतरंज्या अंथरल्या. गल्लीतल्या बाया जमल्या. तात्याराव गुरुजींना फाटकापाशी चहा वाटायला बसवलं. ईश्वरी मॅडम आल्या, गाडीतून उतरायच्या आधी त्यांचा अत्तराचा वास उतरला. पुढं बसली सरजाबाई. तिनं दिवाळीपासून गुडघ्याची पावडर खाल्ली होती आणि आजही ती भिंत धरूनच बसली होती. तिच्या शेजारी बबिता, पाठीमागच्या घरातली सून, पाचवा महिना. पोट ताणून तिला खाज सुटायची, बोलता बोलता ती पदराखालून खाजवत होती.

"तुमी म्हणाल मॅडम पैशासाठी बोलायलीय," मॅडम हसून म्हणाल्या. "म्हणून आपण घरातलीच पोरगी पुढं करतो. सगुणाताई, सुनेला बोलवा. सगळ्यांसमोर गोळी घेऊ दे. व्हिडिओ करा कुणीतरी."

मंजुषा आतून दूध घेऊन आली. सासूनं स्वतःच्या हातानं गोळी तिच्या जिभेवर ठेवली. तिनं घोट घेतला, मान मागं टाकली, गळा हलवला. गोळी गालात बसली.

बायांनी माना डोलावल्या. मॅडमनी टाळी वाजवली. आता पेला घेऊन आत जायचं, बस.

"थांब गं," सरजाबाई म्हणाली. "गिळली कशावरून? तोंड उघड बघू."

बाया फिदीफिदी हसल्या. "काकू, तुमचा शक काय जात न्हाई."

"अगं, दिवाळीपासून गिळायलेय मी. गिळणाराचं तोंड मला कळतंय. आ कर."

मंजुषा जागच्या जागी उभी राहिली. तोंडात दुधाची ऊब होती आणि गालात कवच चिकट व्हायला लागलं होतं. जिभेच्या कडेला तेलकट चव आली. तोंड उघडलं तर चोरी, न उघडलं तर तेल पोटात. तिनं सासूकडं बघितलं. सगुणाबाईंचा चेहरा कडक होता. चारचौघींत सुनेचं तोंड तपासलं जातंय हे त्यांना आवडलं नव्हतं, पण शंका त्यांच्याही डोळ्यांत उतरली होती.

तेवढ्यात बबितानं मॅडमच्या पिशवीकडं हात केला. "मला बी द्या एक डबी. आमच्यासारखीला चालती न्हवं?"

"बिनधास्त!" मॅडम म्हणाल्या. "उलट दोन दोन घ्या. बाळाचं कातडं लोण्यासारखं निघेल."

बबितानं लगेच झाकण उघडलं. पिवळी गोळी तळहातावर घेतली आणि पाण्यासाठी इकडंतिकडं बघितलं.

"बबिताताई, घेऊ नका!"

आवाज गोळी सांभाळत निघाला, म्हणून बोबडा आला. पण अंगणभर ऐकू गेला. बबिताचा हात तोंडापाशी थांबला.

"का गं?" मॅडमच्या भुवया वर गेल्या. "तू रोज घेतीस, आन् तिला नको म्हणतीस?"

मंजुषाला बोलायला आता तोंडात जागा नव्हती. कवच सुटत होतं. तिचे डोळे भरले आणि डावा हात, तिच्या नकळत, पोटावर गेला.

सगुणाबाईंनी तो हात बघितला. मळमळ आठवली असेल, माहेरची ती दोन दिवसांची फेरी आठवली असेल. बाई हिशेबाला पक्की होती, फक्त आजवर भलताच हिशेब मांडत बसली होती. त्या उठल्या. सुनेच्या पुढ्यात आल्या आणि लहान लेकरापुढं धरावा तसा उजवा तळवा तिच्या हनुवटीखाली धरला.

"थुक."

मंजुषा हलली नाही.

"थुक म्हणते ना. लवकर."

गोळी तळव्यावर पडली. चिंबली होती, पण फुटली नव्हती.

"सगुणाताई, हे काय करायलात? व्हिडिओ चालू हाय," मॅडम खालच्या आवाजात म्हणाल्या.

"चालू ऱ्हाऊ द्या. बबिता, ठेव ती खाली." सगुणाबाईंनी मूठ मिटली. "बायांनो, चहा पिऊन जावा. आज विक्री न्हाई."

"पण झालं काय?" सरजाबाईनं विचारलं.

"तिला सोसत न्हाई."

कारण त्यांनी काढलं नाही. चहा पिता पिता बायांनी आपापसात काढून घेतलं.

स्वयंपाकघरात दार लोटून सगुणाबाईंनी आधी सुनेला चुळा भरायला लावल्या. मग विचारलं, "किती गेल्या पोटात?"

"कळायच्या आधी आठवडाभर. मग एकबी न्हाई. एकदा एक फुटली." मंजुषानं डॉक्टरीणबाईंचं बोलणं सांगितलं. चेहरा, ओठ, हृदय. सांगताना ती रडली नाही; रडल्या त्या सगुणाबाई, त्याही चुलीकडं तोंड करून.

"मला कामून न्हाई सांगितलंस?"

"आईची आण होती. आन् तुमी ऐकलं असतं का, आत्या?"

सगुणाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि राहिलेल्या डब्या पिशवीत भरायला घेतल्या.

त्यानंतर डब्या परभणीला परत गेल्या आणि घरात तिळाचा, जवसाचा खमंग वास सुटायला लागला. चटणी भाकरीबरोबर पुरी खाल्ली का हे बघायला सासू पुन्हा समोर उभी. स्वभाव थोडाच जातो! पण मंजुषाला दिसायचं की नजर आता गळ्यावर नाही, तिच्या तोंडावर असते. सगुणाबाईंनी फोनवर काय काय वाचलं होतं कोण जाणे. गल्लीत कुणाचंही तान्हं दिसलं की त्या आधी त्याचा वरचा ओठ फाटलेला तर नाही ना ते बघायच्या आणि मग 'कुणाचं गं?' विचारायच्या.

पाचव्या महिन्यात परभणीला सोनोग्राफी झाली. सिद्धोधनला बाहेर फाईल धरून बसवलं आणि सासू सुनेबरोबर आत शिरली. भिंतीवर, मुलगा की मुलगी हे इथं सांगितलं जात नाही, अशी मोठी पाटी होती. अंधाऱ्या खोलीत डॉक्टर मशीन फिरवत होत्या. मंजुषानं गादीची कड घट्ट धरली होती. पडद्यावर करडं काहीतरी हलत होतं, थांबत होतं.

"हृदय ठीक दिसतंय," डॉक्टर म्हणाल्या. "चारही कप्पे आहेत."

मंजुषानं श्वास सोडला. सगुणाबाईंनी सोडला नाही.

"पाठीचा कणा ठीक. हात-पाय ठीक."

"बाई," सगुणाबाई पुढं सरकल्या, "पोरगं का पोरगी ते मला नगं. ओठ बघा. वरचा."

डॉक्टरांनी मान वळवून त्यांच्याकडं बघितलं. सगुणाबाईंच्या स्वतःच्या सोललेल्या ओठांवर आता नवी कातडी धरली होती, पण त्या दातांनी ती चावत होत्या. डॉक्टरांनी मशीन थोडं वर घेतलं, तिरकं केलं. बाळानं तोंडापुढं मूठ धरली होती. बराच वेळ ती मूठ हलेना.

"कूस बदल गं जराशी," डॉक्टर म्हणाल्या. मंजुषा डाव्या अंगावर झाली. मूठ सरकली.

"हे नाक. हा वरचा ओठ. अख्खा आहे, आजी."

सगुणाबाईंनी पडद्याजवळ तोंड नेलं. त्यांना तिथं ओठ दिसला की नुसती करडी रेघ, देव जाणे. सुनेचा तेलकट, मऊ हात त्यांनी मनगटाला घट्ट धरला होता.

"पुन्यांदा दाखवा," त्या म्हणाल्या.