हात हलवून बघ

मित्रांनो, अग्निशमन केंद्रातल्या प्रशिक्षणाच्या खोलीत, मोठ्या आरशाशेजारी, खुंटीला एक काळा जाडजूड डबा टांगलेला दिसतो ना, तो मी. मी एक जुना थर्मल कॅमेरा आहे. माझ्या मुठीवरचं रबर झिजलं आहे आणि एक कोपरा धगीने ओघळून तसाच घट्ट झाला आहे. ही तक्रार नाही. अंगावरच्या खुणा सांगितल्याशिवाय ओळख पुरी होत नाही, एवढंच.

मी ज्या कारखान्यात तयार झालो, तिथे माझं भिंग बसवणारी बाई श्वास रोखून काम करायची. हे भिंग साध्या काचेचं नाही, कारण मला उजेड दिसत नाही, ऊब दिसते. जे गरम ते माझ्या पडद्यावर पांढरं, जे गार ते काळं. धुराने तुमच्या डोळ्यांपुढे अंधार होतो, पण धुरापलीकडची ऊब माझ्यापर्यंत पोचते.

केंद्रात आलो त्या दिवशी माझं फार कौतुक झालं. कोणत्या खुर्चीवरून नुकतंच कुणी उठून गेलं, ते मी खुर्चीवर उरलेल्या उबेवरून दाखवायचो आणि मोठमोठे जवान पोरांसारखे हसायचे. एकटे भिंतकाका तेवढे हसले नाहीत. ते केंद्रातले सर्वांत जुने जवान. धुरात शिरताना डावा हात भिंतीला लावायचा आणि बाहेर येईपर्यंत सोडायचा नाही, हा त्यांचा नियम. म्हणून ते नाव. काकू म्हणायच्या, "हे घरात पाणी प्यायला उठले तरी भिंत चाचपत जातात!"

"हा डबा कुठे चुकतो, ते मला आधी कळू द्या," असं म्हणून काका माझी माहितीपुस्तिका घरी घेऊन गेले. बाकी कुणीही ती उघडली नव्हती.

मग कामाची वर्षं सुरू झाली. बंद दाराच्या वरच्या बाजूला पांढरा पट्टा दिसला, की जवान दार उघडण्याआधी थांबत. जमीन कुठे आतून तापली आहे, हे पाऊल टाकण्याआधी कळे. आग विझल्यावर भिंतीत धुमसणारी जागा मी दाखवायचो, त्यामुळे सगळं छत फोडावं लागत नसे. मला बहुतेक वेळा 'वादळ' वापरायची. ही केंद्रातली धडाडीची बाई. नावाप्रमाणेच ती आधी निघायची आणि मग विचार करायची.

"काका, आता तुमची भिंत निवृत्त झाली," ती चिडवायची.

"निवृत्त मी होईन, पोरी. भिंत नाही."

एका दुपारी शिंप्याच्या दुकानाला आग लागली. आग पुढच्या इस्त्रीच्या खोलीत होती. शिंपी रस्त्यावर उभा राहून ओरडत होता, "माझी आत्या आत आहे! मागच्या खोलीत बटणं लावत बसली होती!"

वादळ मला घेऊन पुढे आणि काका मागे, अशी दोघं आगीच्या कडेने, गुडघ्यांवर रांगत मागच्या खोलीत शिरली. तोवर त्यांचे अंगरखे चांगलेच तापले होते. खोलीत धूर ठासून भरला होता. वादळाने मला समोर धरलं, आणि पडद्यावर माणूस दिसला. पांढरा, स्पष्ट, गुडघ्यावर बसलेला.

"सापडल्या!" ती ओरडली आणि भिंतीवरचा हात सोडून सरळ त्या दिशेने निघाली.

"कुठे चाललीस? भिंत सोडू नकोस!"

"काका, आत्या समोर बसल्यात!"

ती तशीच रांगत सहा-सात हात पुढे गेली. तो माणूसही जवळ आला. तेवढ्यात तिच्या पाठीवरच्या सिलिंडरची शिट्टी वाजू लागली. हवा संपत आली, की ती वाजते. मागून काकांचा आवाज आला. तो आवाज अगदी शांत होता.

"हात हलवून बघ."

"काय?"

"तुझा हात हलव, पोरी."

तिने हात हलवला. समोरच्या माणसानेही हलवला.

मित्रांनो, मी खोटं दाखवलं नव्हतं. गरम वस्तूची ऊब आरशावरून परत फिरते आणि मी ती दाखवतो. ती कुणाची, हे मला कळत नाही.

"आरसा आहे तो," काका म्हणाले. "पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर लिहिलंय. शिंप्याकडे आरसा नसेल तर कुणाकडे असेल? मी भिंतीवर ठोकतोय. आवाजाकडे ये."

कुऱ्हाडीचा दांडा भिंतीवर वाजू लागला. वादळ वळली आणि वळताना तिने मला खाली, जमिनीलगत फिरवलं. कापड कापायच्या टेबलाखाली एक काळा आकार दिसला. पांढरा माणूस शोधताना तिची नजर मघाशी त्याच्यावरून घसरून गेली होती.

"काका, इथे काहीतरी काळं आहे."

"काळं म्हणजे गार. एवढ्या धगीत गार काय असेल?"

ती उत्तर द्यायला थांबली नाही. टेबलाखाली आत्या होत्या. इस्त्रीसाठी भिजवलेली फडकी त्यांनी डोक्यावर आणि अंगावर ओढून घेतली होती. वादळाने त्यांना ओढत आवाजापर्यंत आणलं. काकांचा डावा हात अजून भिंतीवरच होता. तिघं त्या भिंतीच्या कडेनेच बाहेर आली.

महिन्याभराने आत्या केंद्रात आल्या. "मी ह्याच्यात कशी दिसले गं?" त्यांनी विचारलं.

"काळी," वादळ खाली मान घालून म्हणाली.

"बरं झालं. केस तरी काळे दिसले असतील!"

त्यांनी माझ्यासाठी मऊ फडक्याची एक पिशवी शिवून आणली होती. तिचं बटण चार वेळा दोरा घालून पक्कं केलेलं होतं. काका त्या दिवशी वादळाला रागावले नाहीत. त्यांनी पुस्तिका तिच्या हातात दिली, तेवढंच.

पुढे नवे, हलके कॅमेरे आले आणि मी कपाटात गेलो. दोन वर्षं कुणी माझी बॅटरी भरली नाही. भिंगावर धूळ बसली. मग वादळ शिकवणारी झाली. तिने मला शोधून काढलं, आत्यांच्या पिशवीच्या मऊ फडक्याने पुसलं आणि इथे आरशाशेजारी टांगलं. नवे जवान आले, की ती खोलीत धूर करते, मला त्यांच्या हातात देते आणि गप्प उभी राहते. जवळजवळ सगळेच भिंत सोडून आरशाकडे धावतात. मग ती म्हणते, "हात हलवून बघा."

मित्रांनो, माझं फार मागणं नाही. माझं भिंग पुसा, माझी पुस्तिका वाचा आणि मी हातात असलो तरी भिंत सोडू नका. आणि माझी बॅटरी भरून ठेवा. काका आता निवृत्त झालेत, पण अधूनमधून येतात. परत जाताना सवयीने भिंतीला हात लावत दारापर्यंत जातात. ते गेल्यावर त्यांच्या पंजाच्या पांढऱ्या खुणा भिंतीवर मला थोडा वेळ दिसत राहतात, एकापुढे एक, दारापर्यंत.