बांदिवडेकर सरांची लॅटिन

बांदिवडेकर सरांचं नाव निघालं की आजही माझं डोकं फिरतं.

त्रेसष्ट साली मी बेलापूरजवळच्या आमच्या दिवाळे गावच्या शाळेत सातवीत होते. पनवेलच्या हायस्कुलात घेण्याआधी इंग्रजीचा अनोळखी उतारा वाचायला लावत. तो जमला नाही तर शाळा बंद आणि डोक्यावर मासळीची टोपली, हे आयेनं ठरवून टाकलं होतं.

सर शब्द घोकायला लावत नसत. चिंबोरी फोडावी तसा शब्द फोडून दाखवत. 'टेली' म्हणजे लांब, 'फोन' म्हणजे आवाज, ही ग्रीक. 'ऑटो' म्हणजे स्वतः, 'ग्राफ' म्हणजे लिहिणं. त्याच आठवड्यात बेलापूरच्या पोस्टावरच्या पाटीत मला 'टेलिग्राफ' दिसलं आणि कोणी न सांगता कळलं. मी भर रस्त्यात एकटीच हसत सुटले.

मग एक दिवस 'पोर्ट' आलं. वाहून नेणं. ओझी वाहतो तो पोर्टर, माल देशाबाहेर गेला की एक्सपोर्ट. सर म्हणाले, "ही लॅटिन. चर्चमध्ये पाद्री याच भाषेत प्रार्थना म्हणतात."

झालं! वर्गातल्या गोटीरामनं घरी जाऊन हे सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की मास्तर पोरांना बाटवतोय.

गावदेवीच्या देवळात जमात, म्हणजे आमची गावपंचायत, बसली. जमातीचा पाटील नामदेव, माझा सख्खा काका. तो सरांना म्हणाला, "पाद्र्याची भासा आमच्या पोरांना कशाला शिकवता? बाटवायचा इचार हाय काय?"

बायकांच्या घोळक्यातून मी उठले. "काका, सर नुसते शब्द शिकवतान. देवाचं नाव पन नाय काढलं त्यांनी."

"पोरी, बस खाली."

मी सरांकडे बघितलं. पोरगी खरं बोलतेय, एवढंच त्यांनी म्हणायचं होतं. पण बी.ए. झालेल्या त्या माणसानं हात जोडले. "चूक झाली. बंद करतो." वर देवीपुढे नारळ फोडला. मला तो त्यांच्याच टाळक्यात फोडावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर शब्दांची रांग लावून सर म्हणाले, "पाठ करा." त्यात 'ट्रान्सपोर्ट' होता. मी हात वर केला.

"सर, 'पोर्ट' म्हणजे वाहून नेणं. 'ट्रान्स' म्हणजे काय?"

"माहीत नाही."

"तुमाला माहीत हाय."

"शांती, पाठ कर. परीक्षेला तेवढं पुरतं."

"नाय पुरत. उतारा अनोळखी असतो."

त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली आणि पुढचा शब्द लिहायला घेतला. मी तास संपेपर्यंत उभी राहिले. त्यांनी बस म्हणूनही सांगितलं नाही.

पनवेलच्या उताऱ्यात निम्म्या शब्दांवर मी अडले. पावसाळ्यानंतर आयेमागून बाजाराला जायला लागले.

काकावरचा राग केव्हाच गेला. त्याला बिचाऱ्याला लॅटिन येत नव्हती. सरांना येत होती.