चांदीवरचं चेडू

कणकवलीच्या कॉलेजातून निवृत्त झालो तरी माझा एक नाद सुटला नाही: मुलांचे डॅगेरोटाइप जमवणं. म्हणजे कागदावर फोटो येण्याआधी, तांब्याच्या पत्र्याला चांदीचा मुलामा देऊन त्यावर काढलेले फोटो. वर कुणीतरी बारीक ब्रशाने गाल गुलाबी केलेले. माझ्याकडे चार आहेत, चारही गोऱ्या साहेबांची पोरं. आपल्या किनाऱ्यावरचं एकही नाही, याचीच जिवाला टोचणी.

असं एक चेडू, म्हणजे आपल्याकडची मुलगी, मालवणात नानांकडे निघालं. त्यांचे खापरपणजोबा मुंबईच्या गलबतावर तांडेल. लेकीला तिकडे नेऊन त्यांनी फोटो काढवलेला. नाकात नथ, ओठ घट्ट मिटलेले. त्या फोटोसाठी दोन वर्षं मी नानांचे उंबरठे झिजवले. "बघूया" यापलीकडे माणूस हलेना. शेवटी वैतागून म्हटलं, "नाना, अहो चांदी आहे ती, चांदी! कपाटात काळी पडत ठेवायची?" तेव्हा कुठे म्हणाले, "येवा मंगळवारी. तुमकाच देतंय."

मंगळवारी नानांच्या पत्नी प्रेमलतावहिनींनी चहा दिला आणि पत्रा पुढे केला. काच काढलेली. पत्रा लख्ख. त्यात माझं टक्कल दिसत होतं, मुलगी नव्हती.

"चिचेन घासलंय, मास्तरानू," वहिनी कौतुकाने म्हणाल्या. "घरातली चांदी काळी कशी देवची? गालावयलो रंग तेवढो सुटाक येळ लागलो."

यातलं चित्र चांदीवर बसलेल्या धुळीसारखं असतं, बोट लागलं तरी पुसलं जातं. नेमकं हेच सांगायचं राहिलं. चांदी तेवढी सांगितली. आता ओरडणार कुणावर? कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

"अहो, एकच होतं हो ते!" माझा आवाज फाटला.

"एकच खंय?" नाना शांतपणे म्हणाले. "तेच्या भावाचो फोटो आसा मां, शेजारी महादूकडे. वाटणीत गेलो."

"दोन वर्षांत एकदाही बोलला नाहीत!"

"तुमी इचारलात खंय? महादूक सांगलंय मी, मास्तर येतले, घासून ठेव म्हणान."

चहा तसाच टाकून मी अनवाणी मधला दगडी गडगा ओलांडला. महादूच्या पडवीत त्याची बायको वाटीत चिंच कुस्करत बसली होती. शेजारी काच काढलेला पत्रा. त्यावर गुलाबी गालांचा, टोपी घातलेला पोरगा, अजून शाबूत.

"वहिनी, हात लावू नका!" मी जिवाच्या आकांताने ओरडलो.

ती बिचारी एवढी दचकली की पत्रा उचलून तिने पदराशी घट्ट आवळून धरला.