‘येते’ म्हणणाऱ्या घरातला पट्टा

मित्रांनो, एखाद्या घरात दाराआडच्या खिळ्याला लटकलेला जुना चामडी पट्टा तुम्ही पाहिला असेल. तसाच मी एक. कुत्र्याच्या गळ्यात असतो तो गळपट्टा, तो वेगळा. मी माणसाचा हात आणि कुत्र्याचा गळा यांच्या मधला. माझ्या एका टोकाला मूठ आहे, दुसऱ्या टोकाला पितळी कडी. माझं सगळं भय त्या कडीपाशी साठलेलं होतं, म्हणून तिची ओळख आधी करून दिली.

माझा जन्म पुस्तकं बांधण्याच्या टेबलावर झाला. या घरातले बाबा बुकबाइंडर होते. जाड ग्रंथांच्या पाठींना लावून उरलेल्या चामड्याच्या दोन लांब पट्ट्या त्यांनी एकमेकींना चिकटवल्या, टोच्याने भोकं पाडली आणि मेण लावलेल्या दोऱ्याने मला कडेकडेने शिवलं. लेक शेजारी बसून बघत होती. तिला ते म्हणाले, “पुस्तक उसवलं तर पानं सांडतात. हा उसवला तर जीव सांडेल.”

मी शिवला गेलो तो साहेबासाठी. साहेब हे या घरच्या कुत्र्याचं नाव. प्रत्येक खांबाची तपासणी करून खाली सही केल्याशिवाय तो पुढे सरकत नसे. तेरा वर्षं आम्ही तिघे रोज फिरायला गेलो. दाराबाहेर पडण्याआधी बाबा मला दोन झटके देत, एक मुठीकडून आणि एक कडीकडून.

“अहो, मुंगीला वाट देणारा तो साहेब,” आई म्हणायची, “तो काय तोडणार आहे?”

बाबा हसायचे आणि झटके द्यायचेच. रस्त्यात कुणी माझी शिलाई पाहून “कुठून घेतलात हो?” असं विचारलं, की चामड्याला जमेल तितका मी ताठ होत असे.

साहेब म्हातारा होऊन गेला. मी खिळ्यावर आलो. दोन वर्षांनी बाबा आजारी पडले. इस्पितळात जायच्या सकाळी लेक खाली गाडी बघायला गेली होती, आई आत औषधं भरत होती. बाबांनी चपला घातल्या आणि सवयीने माझ्याकडे हात नेला. पहिला झटका दिला, दुसरा दिला, आणि कडीपाशी अंगठा फिरवून ते स्वतःशीच म्हणाले, “दोन टाके गेलेत याचे. आल्यावर घालतो.” मग आतल्या दिशेने हाक दिली, “येतो गं!”

या घरात ‘जातो’, ‘जाते’ हे शब्द उंबऱ्यावर कुणी उच्चारत नसे. लेक लहानपणी चुकून “जाते” म्हणाली, की आई डोळे वटारायची. “जाते कसली? येते म्हणावं!”

बाबा ‘येतो’ म्हणाले आणि आले नाहीत.

माझे टाके गेलेले आहेत हे आता जगात फक्त मलाच माहीत होतं. खिळ्यावर होतो तोवर त्याचं भय नव्हतं. लेक रोज कामाला जाताना माझ्यावरून एकदा बोटं फिरवायची आणि “येते गं आई” म्हणून निघायची. तिची बोटं कडीपर्यंत कधी पोचली नाहीत.

आठ महिन्यांनी, घर खायला उठतं म्हणून, मायलेकींनी कुत्रं आणायचं ठरवलं. आईचं म्हणणं साधं होतं. “आणायचंच तर एखादं पोक्त बघ. माझ्या गुडघ्यांचा विचार कर.” लेकीने मला खिळ्यावरून काढलं. दोन वर्षं आठ महिन्यांनी मी घराबाहेर पडणार होतो, आणि मला आनंद व्हायच्या आधी धडकी भरली.

बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्यात भिजलेल्या फरशीचा आणि औषधाचा वास होता. जाळीआड ओळीने कुत्री बसली होती. एक मात्र बसलेली नव्हती. दीड वर्षांची, तपकिरी, एक कान उभा, एक पडलेला. ती स्वतःच्या शेपटीभोवती गरगर फिरत होती.

“हिला आम्ही भिंगरी म्हणतो,” तिथल्या मावशी म्हणाल्या. “वारा प्यायलेलं वासरू आहे बघा. सांभाळाल ना? हिच्या मालकाने फाटकाला बांधलं, ‘येतो हं’ म्हणाला आणि गेला तो गेलाच. तीन दिवस तिने फाटकावरची नजर काढली नाही.” मग त्या जाळीपाशी वाकल्या. “काय गं भवाने, जायचं? जायचं?” आणि भिंगरी जमिनीपासून हातभर उडाली.

“‘जायचं’ म्हटलं की फिरायला न्यायचं, एवढंच कळतं तिला,” मावशी हसल्या. मग त्यांची नजर माझ्यावर पडली. “पट्टा जुना दिसतोय. आमच्याकडचा नवा देऊ?”

द्या हो, द्या! मला ओरडावंसं वाटलं.

“नको,” लेक म्हणाली. “बाबांनी शिवलेला आहे.”

मित्रांनो, प्रेमाने केलेली चूक अडवायला कुणी पुढे येत नाही. मावशींनीही मान डोलावली आणि कडी भिंगरीच्या गळपट्ट्यात अडकवली.

पुढचे तीन आठवडे मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. साहेब मला कधी ताणत नसे; भिंगरी कावळा दिसला की ताणे, कागद उडाला की ताणे, काहीच घडलं नाही तर त्याचा राग येऊन ताणे. प्रत्येक हिसक्याला कडीपाशी एक बारीक ‘टक्’ होई. तिसरा टाका गेला, मग चौथा. वर लेकीच्या तळहाताची ऊब आणि खाली हे ‘टक्’.

घरी आणखी एक गोष्ट मी खिळ्यावरून रोज पाहत होतो. सकाळी लेक “येते गं आई” म्हणाली, की भिंगरी खुर्चीखाली शिरून थरथर कापायची. लेक तोवर जिन्यात पोचलेली असायची. आईला वाटायचं, ही नाटकी आहे. संध्याकाळी लेक हात पसरून “ये, ये गं” म्हणायची, तर भिंगरी मागे सरायची.

“जगाची कुत्री ‘ये’ म्हटल्यावर येतात,” आई म्हणायची. “आपली उलट्या खोपडीची!”

मला समजत होतं. पण चामड्याला जीभ नसते.

ती रविवारची सकाळ होती. मोठ्या रस्त्याच्या कडेने आम्ही चाललो होतो. मालट्रक एकामागून एक जात होते. पलीकडे एक पिशवी वाऱ्यावर उडाली, भिंगरीने झेप घेतली, आणि जे व्हायचं होतं ते झालं. मी उसवलो. कडी आणि तिला चिकटलेला बोटभर तुकडा भिंगरीबरोबर गेला. उरलेला मी लेकीच्या हातात लोंबत राहिलो.

एका रिक्षाने करकचून ब्रेक मारला. भिंगरी रस्ता दुभागणाऱ्या अरुंद कट्ट्यावर चढली आणि थिजली. दोन्ही बाजूंनी चाकं धावत होती.

“भिंगरी, ये! ये इकडे!” लेक किंचाळली.

भिंगरी एक पाऊल मागे सरली.

“ये ना गं! ये!”

आणखी एक पाऊल. तिचा मागचा पाय कट्ट्याच्या कडेवरून घसरला आणि कसाबसा सावरला. रिक्षावाला ओरडला, “ताई, हाका मारू नका! घाबरतंय ते!”

लेकीने हाका थांबवल्या. ती भिंगरीच्या डोळ्यांकडे पाहत होती, आणि मला वाटतं, तिला तीन दिवस फाटकाकडे पाहणारे डोळे दिसले. असे डोळे तिने घरीही पाहिले होते. इस्पितळातून रिकाम्या हाताने परतली, तेव्हा दारात उभ्या असलेल्या आईचे. तिच्या ओठांवर ‘ये’ आला होता. तो तिने मागे घेतला.

मग तिने घरात कधीही न चालणारा शब्द उच्चारला. अगदी हलक्या आवाजात.

“भिंगरी, जायचं? जायचं ना?”

पडलेला कान उभा राहिला.

“चल तर. मी जाते.”

आणि मित्रांनो, तिने पाठ फिरवली. मागे वळून न पाहता ती घराच्या दिशेने चालू लागली. मी तिच्या हातातून मागे लोंबत होतो, म्हणून तिला जे दिसत नव्हतं ते मला दिसत होतं. रिक्षावाल्याने रिक्षा आडवी घातली आणि हात वर करून मागचा ट्रक थांबवला. भिंगरीने उडी मारली. लेक दबक्या आवाजात म्हणत होती, “जाते मी... जाते हं...” आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

मागून पितळेची किणकिण आली. ती माझीच कडी होती.

त्या दुपारी बाबांच्या टेबलावरची चादर निघाली. लेकीने टोच्या शोधला, दोऱ्याला मेण लावलं. पहिले टाके वाकडे पडले. तिने ते उसवले आणि पुन्हा घातले. आई शेजारी येऊन बसली आणि तिने मला दोन्ही हातांनी ताणून धरलं. टेबलाखाली भिंगरी आईच्या पायांवर झोपली होती.

सोमवारी सकाळी लेकीने उंबऱ्यावर चपला घातल्या. “आई, जाते.”

आईने “जाऊन ये” म्हणायला तोंड उघडलं. मग तिने खुर्चीखाली पाहिलं, आणि ‘ये’ गिळून टाकला.

“जा,” ती म्हणाली.

भिंगरीने एक डोळा उघडून दाराकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला. त्यानंतर दिवसभर आईची नजर मात्र घड्याळावर होती. साडेसहाला जिन्यात पावलं वाजली, तेव्हा भिंगरी दाराशी पोचलीच. पण तिच्याआधी आई पोचली होती.

मी अजून खिळ्यावर आहे, मित्रांनो, आणि अजूनही भितो. टाके किती दिवस टिकतात हे टाक्यांनाही माहीत नसतं. म्हणून एवढंच मागतो. गेलेल्या माणसाची वस्तू जपायची म्हणून नुसती कुरवाळू नका. ती कुठे उसवली आहे ते बोटाने चाचपून पाहा. आणि दुसऱ्याच्या दारातून जीव घरी आणाल, तेव्हा तो कोणत्या शब्दाला घाबरतो ते आधी समजून घ्या.

लेक आता कडीपाशी अंगठा फिरवते. मग एक झटका मुठीकडून आणि एक कडीकडून.