तळेगावच्या बाजारातला समतोल

वडगाव रासाईची गौतमी शिरूरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती, तेव्हा ऑर्कुट या सोशल साइटचं खूळ तालुक्यात नुकतंच शिरलं होतं. स्टँडमागच्या सायबर कॅफेत पोरं बसायची ती पुण्याच्या पोरींना स्क्रॅप, म्हणजे निरोप, टाकायला. गौतमी बसायची ती केमिस्ट्री लिहायला.

दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली पोरं इंग्रजी पुस्तकापुढं आली की मुकी व्हायची. तीही झाली होती. हळूहळू डोक्यात उजेड पडायला लागला, तसं तिला वाटलं की हे आपल्याच भाषेत सांगून टाकावं. तिनं ऑर्कुटवर 'आपली केमिस्ट्री' नावाची कम्युनिटी, म्हणजे चर्चेचा गट, काढली. मराठी टाइप करता येत नव्हतं, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची आणि पेंटमध्ये माउसनं वेडीवाकडी चित्रं काढून अल्बमला लावायची. बघता बघता शिरूर, दौंड, न्हावरा, पाटस असं कुठकुठलं पोरगं तिथं येऊन शंका विचारायला लागलं. ज्याला उत्तर ठाऊक असेल तो द्यायचा.

तिचं सगळ्यात गाजलेलं चित्र तळेगाव ढमढेरेच्या आठवडे बाजाराचं. माणसं आत येतायत, पिशव्या भरून बाहेर पडतायत, आणि भर दुपारी बघावं तर गर्दी तेवढीच. रासायनिक समतोल म्हणजे हेच, असं तिनं खाली लिहिलं होतं. क्रिया थांबलेली नसते, दोन्ही बाजूंनी चालूच असते.

त्यावर दौंडच्या करुणानं बोट ठेवलं. ही रेल्वे क्वार्टर्समध्ये राहणारी मुलगी. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलेलं नव्हतं. करुणानं लिहिलं की तुझ्या चित्रात बाजारातली आणि बाहेरची माणसं सारखीच दिसतात, तसं कुठं असतं? सारखा असतो तो येण्याचा आणि जाण्याचा वेग. आत आणि बाहेर किती माणसं आहेत, ते सारखं असायची काही गरज नाही. गौतमीला आधी राग आला, मग पटलं. तिनं नवं चित्र काढलं, त्यात बाजारात खच्चून गर्दी आणि बाहेर तुरळक माणसं दाखवली. जुनं चित्रही तिनं राहू दिलं, कारण त्याखालची चर्चा वाचूनच पुष्कळांना समतोल उमजला होता.

ही गोष्ट विभागप्रमुख टाकळकर सरांच्या कानावर गेली. त्यांनी गौतमीला स्टाफरूममध्ये बोलावलं आणि चार प्राध्यापकांसमोर उभं केलं.

"विज्ञानाचा बाजार मांडलायस तू," ते म्हणाले. "तुझ्यासारख्यांनी पास होण्यापुरतं बघावं. शिकवायला आम्ही आहोत."

'तुझ्यासारख्यांनी' या शब्दात काय काय आलं, ते तिला वेगळं सांगावं लागलं नाही. कम्युनिटी बंद झाली नाही तर प्रॅक्टिकलला काय होईल, तेही त्यांनी आडून सुचवलं. घरी येऊन तिनं आईला सगळं सांगितलं. आक्काबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी हात न थांबवता विचारलं, "कुणाचं चोरलंय का तू? न्हाई ना? मग बंद कशापायी करायचं?"

गौतमीनं बंद केलं नाही.

पुढं जानेवारीत दौंडच्या एका कॉलेजात प्राध्यापकांची परिषद भरली. विषय होता ग्रामीण विद्यार्थ्यांना विज्ञान कसं शिकवावं. हॉल भरलेला दिसावा म्हणून शिरूरची पोरंही गाडीत घालून नेली होती. दुपारी टाकळकर सर बोलायला उभे राहिले. प्रोजेक्टरवर चित्र उमटलं आणि गौतमीनं ते लगेच ओळखलं. तो तिचा बाजार होता. सर सांगत होते की त्यांनी स्वतः विकसित केलेली ही पद्धत आहे. पण त्यांनी उचललेलं चित्र जुनं होतं. पडद्याकडं काठी करून ते म्हणाले, "पाहा, समतोलाला दोन्ही बाजूंचं प्रमाण अगदी समान झालेलं आहे."

शंका विचारा म्हटल्यावर गौतमी उभी राहिली.

"सर, हे चित्र चुकलंय," ती म्हणाली. "चूक माझीच आहे, कारण चित्र मी काढलंय. समतोलाला वेग समान होतात, प्रमाण समान व्हावं लागत नाही. ही चूक मला दौंडच्या एका मुलीनं दाखवली."

टाकळकर सरांनी तिला खाली बसायला सांगितलं. तेवढ्यात मागच्या रांगेत बसलेल्या दौंडच्या पोरांतून चष्मा लावलेली एक सावळी मुलगी उठली.

"ती मुलगी मी," ती म्हणाली. "आमच्या ऑर्कुटवर दोन्ही चित्रं आहेत. कुणीही बघावीत."

बाहेर व्हरांड्यात दोघी समोरासमोर आल्या. करुणा हसली आणि म्हणाली की तू चित्रातल्या माणसांपेक्षा बरी दिसतेस.

दोन दिवसांनी प्राचार्यांनी गौतमीला बोलावून घेतलं. कोरा कागद पुढं सरकवून त्यांनी माफीनामा लिहायला सांगितलं. कॉलेजची अब्रू गेली, असं त्यांचं म्हणणं. टाकळकर सर शेजारच्या खुर्चीत बसले होते. गौतमीनं पेन घेतलं आणि सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं: 'परिषदेत दाखवण्यात आलेले चित्र मी काढले होते. त्यात चूक होती. त्याबद्दल मी दिलगीर आहे. सुधारित चित्र कम्युनिटीवर आहे आणि राहील.' खाली सही केली आणि कागद प्राचार्यांपुढं ठेवला.

प्राचार्यांनी तो वाचला, टाकळकर सरांकडं एकवार पाहिलं आणि कागद खणात टाकला.

प्रॅक्टिकलला तिला वर्गात सगळ्यांत कमी मार्क पडले, जेमतेम पास होण्याइतके. ते होणारच, हे तिनं धरलंच होतं. मार्क कळले त्या दुपारी ती सायबर कॅफेत गेली. पाबळच्या एका पोरानं आम्लाबद्दल काहीतरी विचारून ठेवलं होतं. तिनं खुर्ची पुढं ओढली आणि उत्तर लिहायला घेतलं.