तीनशे पासष्ट नद्यांचा रुमाल

मित्रांनो, मी एक जुना रुमाल आहे. खिशात कोंबायचा नव्हे, डोक्याला बांधायचा. वारभर लांब, वारभर रुंद, लाल-पिवळ्या चौकड्यांचा. सध्या माझा मुक्काम इंग्लंडात, लीड्स शहरात, डॉक्टर सुप्रभाबाईंच्या कपाटात सगळ्यात खालच्या खणात आहे. माझ्या अंगावर हळदीचा डाग आहे आणि कितीही धुतलं तरी मला कैरीच्या लोणच्याचा वास येतो. हसू येतंय ना? खुशाल हसा, पण आधी माझी हकिकत ऐका.

मला विणलं मद्रासकडच्या एका खेड्यात, हातमागावर. तिथून बोटीत बसून मी उतरलो थेट कॅरिबियन समुद्रातल्या डोमिनिका नावाच्या बेटावर. नकाशात ते तिळाएवढं दिसतं. पण तिथल्या बायकांनी आम्हा चौकडीच्या कापडांना असा जीव लावला की आमच्यावाचून त्यांचा सणाचा पोशाख पुरा होईना. जन्मलो कुठे आणि मान कुठे मिळाला, पाहा!

रोझो शहराच्या बाजारात मला एका बाईने विकत घेतलं आणि १९६० साली तिची एकोणीस वर्षांची मुलगी अर्नेस्टीन कामासाठी इंग्लंडला निघाली, तेव्हा मला तिच्या बॅगेत तळाशी घातलं. अर्नेस्टीन लीड्सच्या एका इस्पितळात नर्सच्या हाताखाली लागली. थंडीने तिची बोटं फुटायची आणि रस्त्यावरची माणसं तिच्याकडे टकमक बघायची. सुटीच्या दिवशी ती मला बाहेर काढून नुसती मांडीवर घेऊन बसायची.

तिला एका गोष्टीचा फार राग यायचा. गाव कुठलं असं कुणी विचारलं आणि तिने डोमिनिका सांगितलं, की समोरचा म्हणायचा, "अच्छा, डोमिनिकन रिपब्लिक!" झालं, बाईंचा पारा चढलाच.

"तो वेगळा देश, हा वेगळा," ती ठणकावून सांगायची. "माझ्या देशात वर्षाच्या दिवसागणिक एक नदी आहे. तीनशे पासष्ट! उकळतं तळं आहे. आमच्या डोंगरांत पळून गेलेल्या गुलामांनी गोऱ्यांना सळो की पळो करून सोडलं होतं. आणि आमच्या झेंड्यावर जांभळा पोपट आहे, तो जगात दुसरीकडे कुठेही नाही."

३ नोव्हेंबर १९७८ रोजी तो देश स्वतंत्र झाला. त्या संध्याकाळी लीड्सच्या एका चर्चच्या हॉलमध्ये तीसेक माणसं जमली आणि मी पहिल्यांदा थाटात अर्नेस्टीनबाईंच्या डोक्यावर चढलो. तेव्हापासून दरवर्षी तो दिवस माझा. आदल्या दिवशी मला कडक खळ घालायची, सकाळी आरशासमोर बांधायचं आणि वर तीन टोकं ताठ काढायची. तीन टोकं म्हणजे बाईचं लग्न झालेलं आहे. नवरा वारल्यावरही बाईंनी तीनच काढली. बांधताना त्या एकेका नदीचं नाव घ्यायच्या: लायू, पाग्वा, रोझाली... तिसरं टोक उभं राहीपर्यंत चौदा नद्या व्हायच्या. मला वाटायचं, आपल्यासारखे आपणच.

पण दिवस सारखे राहत नाहीत. तिसांची दहा माणसं झाली, दहाची तीन. हॉल विकला गेला. २०१७च्या वादळात बेटावरचं बाईंच्या बहिणीचं घर उडालं, पुढच्या वर्षी बहीणही गेली आणि पत्रं थांबली. बाईंना मूलबाळ नव्हतं. मग त्या विसरायला लागल्या. आधी किल्ल्या, मग शेजाऱ्यांची नावं.

शेजारी म्हणजे सुप्रभाबाई. त्या पुण्याहून आलेल्या, त्याच इस्पितळात डॉक्टर होत्या. दोघींची चाळीस वर्षांची भिंतीवरून गप्पा मारायची दोस्ती. गेल्या एप्रिलात अर्नेस्टीनबाईंना केअर होममध्ये न्यायचं ठरलं, तेव्हा त्यांनी मला घडी घालून सुप्रभाबाईंच्या हातात ठेवलं.

"डॉक्टर, तिथे कपडे लाँड्रीत हरवतात म्हणे. याला तुम्ही सांभाळा. तीन नोव्हेंबरला घेऊन या आणि माझ्या डोक्याला बांधा. हा बांधला की मला सगळं आठवतं. नाहीतर मी कोण, हेसुद्धा जाईल."

"नक्की आणेन," सुप्रभाबाई म्हणाल्या. त्यांनी तीन टोकं काढायला शिकूनही घेतलं. मग त्यांनी मला स्वयंपाकघरातल्या कपाटात, स्वच्छ फडक्यांच्या शेजारी ठेवलं. तिथेच घात झाला.

जूनमध्ये सुप्रभाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घर सांभाळायला पुण्याहून त्यांची धाकटी बहीण शशी आली. भारी उरकाची बाई! ताई इस्पितळात असतानाच तिने इंडियन शॉपमधून कैऱ्या आणून दोन बरण्या लोणचं घातलं. बरणीच्या तोंडाला बांधायला दादरा हवा म्हणून कपाट उघडलं आणि मला उचललं.

"अगो बाई, हे तर आपल्याकडचं मद्रासी कापड! ताई पण ना, चिंध्या साठवते," ती स्वतःशीच म्हणाली.

ती खोटं बोलत नव्हती, मित्रांनो. होतोच मी तिकडचा. पण मधली साठ-पासष्ट वर्षं तिला कोण सांगणार? तिने कात्री घेऊन मला अर्धं केलं, एका बरणीला बांधलं आणि ती बरणी वर्षभराच्या बेगमीची म्हणून तळघरातल्या फळीवर ठेवली. उरलेल्या अर्ध्याने ओटा पुसला. तो अर्धा पुढे कचऱ्यात गेला.

सुप्रभाबाई घरी आल्या, पण नव्या गुडघ्याने तळघराच्या पायऱ्या उतरणं शक्य नव्हतं. शशी ऑगस्टमध्ये परत गेली. ऑक्टोबरअखेर मला वर स्वयंपाकघरात धावपळ ऐकू आली. कपाटं उघडत होती, मिटत होती.

"शशे, अर्नेस्टीनचा स्कार्फ पाहिलास का ग?" सुप्रभाबाई फोन स्पीकरवर टाकून विचारत होत्या.

"नाही बाई, स्कार्फ-बिर्फ काही नव्हता ताई," शशी म्हणाली. मी अंधारात ओरडत होतो, पण रुमालाचं कोण ऐकतो?

पुढचं मी पाहिलं नाही, नंतर ऐकलं. सुप्रभाबाईंची नात ईशानी म्हणाली, "आजी, डोन्ट वरी. मी फ्लॅग ऑर्डर केलाय, उद्या येईल." तीन तारखेला दोघी केअर होममध्ये गेल्या आणि बाईंच्या खुर्चीमागे झेंडा लावला. अर्नेस्टीनबाईंनी बराच वेळ पाहिलं.

"हा माझा देश नाही. पोपट कुठे आहे?"

"पोपट येईल हं, डार्लिंग," तिथे काम करणारी मुलगी गालात हसून म्हणाली.

"शी इज कन्फ्यूज्ड, आजी," ईशानी कुजबुजली.

"डॉक्टर, माझा रुमाल?" बाईंनी विचारलं. सुप्रभाबाई झेंड्याच्या सुरकुत्या सारख्या करू लागल्या.

गाडीत बसल्यावर ईशानीने फोनवर पाहिलं. झेंडा डोमिनिकन रिपब्लिकचा होता. साऱ्या खोलीत एकटी अर्नेस्टीनच खरं बोलत होती. पुढच्या रविवारी दोघी माफी मागायला गेल्या, तेव्हा बाईंनी नम्रपणे विचारलं, "तुम्ही कोण?"

ख्रिसमसच्या आधी त्या गेल्या.

जानेवारीत ईशानीने बरणी वर आणली. सुप्रभाबाईंनी दोरा सोडायला हात पुढे केला आणि मला ओळखलं. त्या मला छातीशी धरून ढसाढसा रडल्या. मग मला धुतलं, खळ घातली आणि आरशासमोर स्वतःच्याच पांढऱ्या डोक्याला बांधून पाहिलं. अर्धं कापड कुठवर पुरणार? एक टोक जेमतेम उभं राहिलं. त्यांनी मला सोडून या खणात ठेवलं, त्यानंतर खण उघडला नाही.

मित्रांनो, कुणी काही सांभाळायला दिलं तर घरातल्या चौघांना सांगून ठेवा. जुनं फडकं फाडण्याआधी ते कुणाचं, हे विचारा. आणि म्हातारं माणूस म्हणालं, "हा माझा देश नाही," तर हसण्याआधी एकदा नकाशा बघा. मला आता त्याचा काही उपयोग नाही. इथे अंधारात मी रोज नद्या म्हणतो: लायू, पाग्वा, रोझाली... चौदा झाल्या की थांबतो. पुढच्या मला ठाऊक नाहीत, आणि सांगणारी आता कुणी नाही.